गाडीत साठवलेलं ऊन

त्या दिवशी सकाळी आठला लाइट गेली आणि संध्याकाळी पाचला आली. मधल्या नऊ तासांत मावशींची चारशे बारा अंडी गेली.

एकोणिसावा दिवस होता. कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी कवच फोडून बाहेर येतं, म्हणजे ही अगदी दाराशी येऊन उभी राहिलेली पिल्लं. थंडीचे दिवस, वारा बोचरा. उबवणीच्या दोन्ही पेट्यांमधले पंखे थांबले, आत हवा कोंडली आणि ऊब उतरत गेली. मावशींनी पेट्यांवर घरातल्या सगळ्या रजया टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवल्या, दर अर्ध्या तासाला त्या बदलल्या. तीनच्या सुमारास त्या एकेक अंडं कानाला लावून बघायला लागल्या. सकाळी आतून खुडखुड ऐकू येत होती. ती विरत विरत गेली. पाचला दिवा लागला तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि हातात एक अंडं तसंच धरलेलं होतं.

"विकून टाका," त्या म्हणाल्या.

"काय?" नानांनी विचारलं.

"पेट्या. दोन्ही. मला नाही परत हे बघवणार."

नाना म्हणजे मावशींचे यजमान. गल्लीत त्यांना सगळे खांबनाना म्हणत. वीज कंपनीत चौतीस वर्षं लाइनमन होते आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांनी खांबावरच काढली, असं लोक गमतीनं म्हणायचे. गावभर उजेड पोचवणाऱ्या माणसाच्या घरात अंडी गार पडली, ही गोष्ट त्यांना फार लागली. पण त्याहून जास्त लागला तो मावशींचा दुपारचा प्रश्न. बाराच्या सुमारास त्या अंगणात आल्या होत्या, कपाळावर हात धरून छपराकडे बघत होत्या. छपरावर आठ सोलर पॅनेलं होती, नानांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं बसवलेली. ऊन नुसतं धो धो पडत होतं.

"अहो, एवढं ऊन आहे डोक्यावर. मग ती वरची पाटं काय झोपा काढतायत?"

नानांनी समजावून सांगितलं होतं. बाहेरची लाइन बंद पडली की पॅनेलंही आपोआप बंद पडतात. पडायलाच हवीत. नाहीतर आपल्या घरातली वीज उलटी तारेवर जाईल, आणि तार मेलेली आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस मरेल.

"म्हणजे ऊन आपलं, पाटं आपली, आणि वापरायचं मात्र नाही."

"साठवायला जागा नाही ना आपल्याकडे."

मावशींनी तेव्हा अंगणातल्या गाडीकडे बोट केलं होतं. छोटी पांढरी इलेक्ट्रिक गाडी, एका डॉक्टरीणबाईंनी वापरून विकलेली. रोज दुपारी छपरावरच्या उन्हावर ती चार्ज व्हायची आणि मावशींची पिल्लं खोक्यांत घालून पोल्ट्रीवाल्यांकडे पोचवायची. एरवी दिवसभर दारात उभीच असायची.

"आणि हिच्यात काय भरलंय? पाणी?"

संध्याकाळी मेलेली अंडी बादल्यांत भरताना तो प्रश्न त्यांच्या डोक्यात घण घालत होता. शेवटची बादली रिकामी करून आल्यावर त्यांनी हात धुतले आणि मावशींसमोर येऊन उभे राहिले.

"पेट्या विकायच्या नाहीत. मला थोडे महिने दे."

"किती?"

"ते नाही सांगता येत. पण गाडीतली वीज घरात आणल्याशिवाय नवीन अंडी लावायची नाहीत. आणि आणणार म्हणजे आणणार."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. नाना 'आणणार म्हणजे आणणार' असं आयुष्यात दोनदाच म्हणाले होते. एकदा या घराच्या वेळी आणि एकदा त्यांना मागणी घातली तेव्हा.

दुसऱ्याच दिवशी ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाला हुशार पण उतावळा. कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे दहा मिनिटांत औषध तयार.

"हात्तिच्या, एवढंच ना नाना!" तो म्हणाला. "तुमच्या गाडीला आत एक सॉकेट आहे. त्यातून वायर काढायची, दुसरं टोक घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खुपसायचं. घरभर लाइट. हे बघा, माझ्याकडे तयारच आहे."

त्यानं खुंटीवरून एक काळी वायर काढली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. नानांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि खिशातली पक्कड काढून एक टोक कचकन तोडून टाकलं.

"अहो, अहो! नाना!"

"कुणाकुणाला दिलीस अशी?"

"कुणाला नाही. माझ्या घरासाठी केली होती, जनरेटरला…"

"मग ऐक," नाना म्हणाले आणि टायरच्या ढिगावर बसले. "माझा एक जोडीदार होता. अकरा वर्षं आम्ही एकाच शिडीवर काम केलं. एकदा वाऱ्यानं तार तुटली होती. लाइन मी स्वतः बंद केली, माझ्या हातानं. तो चढला. आणि खालच्या दुकानदारानं अशीच वायर लावून जनरेटर चालू केला, फ्रीजमधला माल खराब होऊ नये म्हणून. मेन स्विच बंद करायचं विसरला. त्याची वीज मीटरमधून उलटी खांबावर गेली. जोडीदार मला वरून म्हणत होता, नाना, पाना फेक. मी पाना फेकला. तो त्यानं झेलला नाही."

गॅरेजवाला तोडलेल्या टोकाकडे बघत राहिला.

"त्या दुकानदाराचा फ्रीज वाचला," नाना म्हणाले आणि उठले.

त्यांना हवी होती ती पद्धत वेगळी होती. दुतर्फा चार्जर नावाची एक पेटी मिळते. तिच्यातून छपरावरची वीज गाडीत जाते आणि लागेल तेव्हा गाडीतली घरात येते. सुदैवानं त्यांच्या गाडीला ती चालणारी होती. पेटी मागवली, ती महिनाभरानं आली. तोवर नानांनी बाकीची जोडणी आपल्या पद्धतीनं केली. मीटरशेजारी दोन मोठे लोखंडी स्विच, जुन्या धाटणीचे, खटका ओढायचा दांडा असलेले. लाइट गेली की आधी डावा ओढून बाहेरची लाइन तोडायची, मग उजवा ओढून गाडी जोडायची. रंग दिला, वर अक्षरं लिहिली. काम इतकं देखणं झालं होतं की येणाराजाणारा थांबून बघायचा.

मग कंपनीत अर्ज. आणि तिथे बसली होती त्यांचीच बारकी.

बारकी म्हणजे त्यांची धाकटी लेक. लहानपणी नानांच्या सायकलच्या दांडीवर बसून कंपनीच्या आवारात यायची, आता तिथेच इंजिनिअर होती. ज्या लाइनमन लोकांनी तिला गोळ्या दिल्या ते आता तिला मॅडम म्हणत. तिच्या टेबलावर वडिलांचा अर्ज आला तेव्हा शेजारचा सहकारी हसून म्हणाला, "नानांचं काम! त्यात काय बघायचं? द्या, मी सही करतो."

"हात लावू नकोस त्याला," बारकी म्हणाली. तिनं साहेबांना लेखी दिलं, की हा अर्ज माझ्या वडिलांचा आहे, तपासणी दुसऱ्या कुणी करावी. आणि रविवारी ती घरी आली.

जेवण झालं, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग ती मीटरपाशी जाऊन दोन दांड्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, हे चालणार नाही."

"का? वायर कमी जाडीची आहे? अर्थिंग बघ, मी स्वतः खड्डा खणलाय."

"सगळं छान आहे. पण पहिला दांडा न ओढता दुसरा ओढता येतो."

"येतो. पण ओढेल कोण? चौतीस वर्षांत माझा क्रम एकदा चुकलाय का?"

"तुमचा नाही चुकणार. तुम्ही घरी नसाल तेव्हा?"

"मग तुझी आई आहे. तिला मी शिकवलंय. पाठ आहे तिला."

"बरं," बारकी म्हणाली. चार्जरची मुख्य वायर काढून ठेवली आहे ना, याची तिनं आधी खात्री करून घेतली. मग आत जाऊन तिनं पेट्यांचं बटण बंद केलं. रिकाम्या पेट्या मावशी रोज थोडा वेळ चालवून ठेवत. पंखे घरघरत थांबले. ती ओरडली, "आई! लाइट गेली! पेट्या बंद पडल्या!"

मावशी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आल्या. खोटं आहे हे त्यांना माहीत होतं, तरी पंखे थांबताना ऐकले आणि त्यांना तो दिवस आठवला. त्या थेट मीटरपाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी उजवा दांडा खाली ओढला. गाडीचा. डावा तसाच होता.

मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या दांड्याकडे.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या.

नाना चपला घालून बाहेर पडले. तासाभरानं परत आले तेव्हा बारकी निघून गेली होती. सकाळी मावशींना जाग आली ती पान्याच्या आवाजानं. नाना स्टुलावर चढून दोन्ही दांडे उतरवत होते. चार आठवड्यांचं काम त्यांनी एका सकाळीत जमिनीवर ठेवलं.

"पोरीचं बरोबर आहे," ते स्टुलावरूनच म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला चूक करताच येणार नाही असं करायला हवं. मी शहाण्या माणसासाठी केलं होतं. शहाणा माणूस दरवेळी घरात असतोच असं नाही."

"म्हणजे मी वेडी?"

"तू मुद्दा बघू नकोस, शब्दच धर."

आता जे लागणार होतं ते नानांना येत नव्हतं. लाइन गेली की आपणहून घर बाहेरून तोडणारी आणि मगच गाडी जोडणारी पेटी, दोन्ही एकदम जोडले जाणं जिच्यात शक्यच नाही अशी. तिच्यात नुसत्या तारा नव्हत्या, सेटिंग होती, पडदा होता, आणि एकशे चाळीस पानांचं बारीक अक्षरांचं पुस्तक होतं. नानांनी भिंग आणलं. रोज दहा पानं. जे कळायचं नाही त्याखाली रेघ मारायचे आणि आठवड्याच्या शेवटी तंत्रशाळेतल्या शिक्षिकाबाईंकडे जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या मुलाला पाठवा ना, त्याला लवकर समजेल."

"मुलगा नाही. मुलगी आहे, तिला समजतं. म्हणून तर मला समजून घ्यायचंय."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

गाडीची बॅटरी किती खाली जाऊ द्यायची, हेही त्या पेटीला सांगून ठेवता यायचं. मावशी म्हणाल्या तीस टक्के. त्याखाली घराला एक थेंबही नाही. रात्रीअपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी हलली पाहिजे. नानांनी तीस घातले आणि चारदा तपासले.

नवा अर्ज गेला. साहेब मनानं वाईट नव्हते, पण नव्या गोष्टीला हात लावायचा म्हटलं की त्यांना अचानक खूप कामं आठवत. कधी फॉर्ममध्ये 'गाडी' असा रकानाच नाही, कधी वरून आदेश आलेले नाहीत. नाना दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाण्याची बाटली घेऊन कचेरीतल्या बाकावर बसायचे. अकरा फेऱ्या झाल्या. बारकी समोरून जायची, नजरेला नजर द्यायची आणि पुढे जायची. दोघांनीही एकदासुद्धा ओळख काढली नाही.

बाराव्या वेळी साहेबच ओशाळले. "नाना, तुम्ही तर घरचे. तुमच्या कामावर मी डोळे झाकून सही करीन हो…"

"झाकून नको साहेब. उघडे ठेवून करा, तेवढ्यासाठीच तर बसलोय."

साहेब आले. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कमी म्हणून एकदा परत गेले, धोक्याचा फलक लहान म्हणून दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, "ट्रान्सफॉर्मरवरून माझी लाइन तोडायला लावा आणि टेस्टर तुम्ही स्वतः धरा." तोडली. घरात दोन सेकंद अंधार झाला, मग दिवे लागले, पेट्यांचे पंखे फिरले. साहेबांनी बाहेरच्या तारेला टेस्टर लावला. मेलेली. त्यांनी परत लावला. मेलेलीच.

"च्यायला," साहेब म्हणाले आणि सही केली.

मावशींनी चारशे वीस अंडी लावली.

अठराव्या दिवशी वादळ आलं. दुपारी तीनला आभाळ काळंठिक्कर झालं आणि अर्ध्या तासात गल्लीतले दोन खांब आडवे झाले. सगळीकडे लाइट गेली. नानांच्या घरात दोन सेकंद गेली आणि आली. पडद्यावर गाडीचा आकडा दिसत होता, अठ्ठ्याऐंशी टक्के.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पण ढग हटेनात. घर तारेपासून तुटलेलं असल्यामुळे पॅनेलं आता चालू राहत, पण त्यांतून नावापुरतीच वीज येत होती. शेजारचे मोबाइल चार्ज करायला आले, एकीनं बाळाचं दूध फ्रीजमध्ये ठेवायला आणलं. मावशींनी कुणाला नाही म्हटलं नाही, फक्त पेट्यांच्या खोलीचं दार कुणी उघडायचं नाही अशी ताकीद दिली. संध्याकाळी आकडा एकसष्टवर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइनची माणसं आली. तीन जण आणि त्यांचा मुकादम. हा मुकादम कधीकाळी नानांच्या हाताखाली शिकलेला, आता केस पिकलेला. नवे खांब उभे राहिले, तारा चढवायची वेळ आली, पट्टा बांधलेला माणूस शिडीवर पाय ठेवणार, एवढ्यात मुकादमाची नजर नानांच्या खिडकीवर गेली. आत पंखा फिरत होता.

"खाली ये," तो ओरडला. "कुणी चढायचं नाही."

गल्लीतली माणसं जमली. दोन रात्री अंधारात काढलेली. "अहो चढा ना, नानांचं घर आहे ते! त्यांना का कळत नाही?" कुणीतरी म्हणालं. "कंपनीची सही आहे त्यावर," दुसरा म्हणाला.

"असेल," मुकादम म्हणाला. "मी नाही चढवणार माणूस."

तोवर बारकी जीपमधून उतरली. या भागाचं काम तिच्याकडेच होतं, दोन दिवस तिनं बूट काढले नव्हते. तिनं मुकादमाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. नाना फाटकातून बाहेर येत होते. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा चिडणार.

"शाब्बास," नाना मुकादमाला म्हणाले. "चढवू नकोस."

"नाना, तुमच्यावर अविश्वास नाही, पण…"

"असू दे की अविश्वास. असलाच पाहिजे. ये, तुला दाखवतो."

मुकादमानं पेटी पाहिली, मान डोलवली, पण चेहरा काही सैल झाला नाही. "पडद्यावर लिहिलंय बंद म्हणून. पडद्यावर मी काय विश्वास ठेवू? डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाना, घर बंद करा. दोन-तीन तासांचा प्रश्न आहे."

आतून मावशी आल्या. "तीन तास? अरे, आजचा विसावा दिवस आहे! आतून चोचीचे टोचे पडायला लागलेत. तीन तासांत सगळी मरतील."

मुकादम जमिनीकडे बघू लागला. बारकी म्हणाली, "आई, लाइनवर माणसं असताना मी त्यांना जबरदस्ती करणार नाही."

"कोण म्हणतंय कर म्हणून?" नाना म्हणाले. ते मीटरपाशी गेले. मीटरच्या आधी, खांबावरून येणाऱ्या वायरवर, एक साधा मेन स्विच होता. तो त्यांनी खाली ओढला आणि झाकण उघडून दाखवलं. आतली दोन्ही पाती वर उठली होती, मधली मोकळी जागा बोटभर. घर आणि खांब यांच्यात आता हवेशिवाय काही नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, कपाटातून पितळी कुलूप आणलं, दांड्याच्या भोकातून घातलं आणि किल्ली मुकादमाच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्या खिशात. तुझी माणसं खाली उतरेपर्यंत हा स्विच देवाला सुद्धा लावता येणार नाही. आता टेस्टर लाव."

मुकादमानं तारेला टेस्टर लावला, तार जमिनीला जोडली, परत टेस्टर लावला. मग किल्ली खिशात घालून वरून बटण लावलं. "चढ रे," तो म्हणाला.

अडीच तासांत काम झालं. गल्लीत लाइट आली, पोराटोरांनी आरोळ्या ठोकल्या, आणि मुकादमाची गाडी घाईघाईनं पुढच्या वस्तीकडे निघून गेली. तिथे ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

नाना मीटरपाशी गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. किल्ली मुकादमाच्या खिशातच गेली.

सगळ्या गल्लीत लाइट होती आणि फक्त नानांचं घर अजून गाडीवर चालत होतं. आकडा अडतीस.

"तोडा ते कुलूप," मावशी म्हणाल्या.

"नाही."

"अहो, काम झालंय! माणसं गेली! सगळ्यांच्या घरात लाइट आहे!"

"गल्लीतलं झालं. पुढे कुठे याच तारेवर कुणी चढलंय का, मला काय माहीत? ज्याच्याकडे किल्ली, त्यानंच कुलूप काढायचं. हे मी लोकांना चौतीस वर्षं शिकवलं आणि आज माझ्या दारात मीच तोडू?"

"पोरं मेली तरी चालतील?"

"नाही चालणार. म्हणून बाकीचं सगळं बंद कर."

मावशी त्यांच्यावर इतक्या चिडल्या होत्या की उत्तर द्यायलाही थांबल्या नाहीत. फ्रीज बंद, दिवे बंद, पंखा बंद, पाण्याची मोटर बंद. शेजारणीचं बाळाचं दूध तिच्या घरी परत पोचवलं. उरल्या फक्त दोन पेट्या. नानांनी बारकीला फोन केला. ती म्हणाली, "मी त्यांना शोधते. तिकडे फोन लागत नाहीयेत. आकडा किती?"

"छत्तीस."

"तीसची मर्यादा काढून टाका ना, बाबा. पडद्यावर दोन बटणं आहेत."

"ती आईनं घातलीय. तिला विचार."

मावशींनी फोन हातात घेतला. "आत्ता नको," त्या म्हणाल्या. "एकतीस झाले की मी सांगेन. तू त्या मुकादमाला शोध."

दोघं पेट्यांच्या खोलीत बसून राहिले. काचेतून दिसत होतं, एका अंड्याला चीर पडली होती, दुसऱ्याचं टोक उचकटलं होतं आणि आत काहीतरी ओलसर धडपडत होतं. मदत करायची नसते. बाहेर त्याचं त्यानंच यायचं असतं, नाहीतर जगत नाही. मावशींनी हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

पस्तीस. चौतीस. चारच्या सुमारास ढग जरासे पातळ झाले, आकडा तासभर तिथेच अडकून राहिला. मग तेहेतीस.

दिवस मावळायच्या बेतात असताना फाटकाशी मोटरसायकल थांबली. बारकी चालवत होती आणि मागे मुकादम बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, किल्ली मुठीत धरून.

"नाना, चूक झाली. तिकडे खांबावरच होतो…"

"याच तारेवर?" नानांनी विचारलं.

"याच. पलीकडच्या टोकाला. दुपारी लाइन परत बंद करून घेतली होती, चौघं होतो वर."

मावशींनी ते ऐकलं. नानांकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

मुकादमानं कुलूप काढलं, स्विच लावला. घर लाइनवर आलं. आकडा बत्तीस होता. बारकी ओसरीच्या पायरीवर बसली, दोन दिवसांनी पहिल्यांदा बूट काढले आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. मुकादमाला मावशींनी हात धुवायला लावून पेट्यांच्या खोलीत नेलं. तो काचेला नाक लावून बराच वेळ वाकून उभा होता.

"किती निघतील हो, मावशी?"

"सकाळी मोजू. आत्ता नजर नको लावूस."

सकाळी तीनशे सत्तर निघाली. काही कवचातच राहिली, तेवढी नेहमीच राहतात. उरलेली दुपारपर्यंत वाळून पिवळीधमक झाली, एकमेकांच्या अंगावर चढायला लागली आणि खोलीत असा काही कलकलाट सुरू झाला की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येईना. मावशींनी ती मोजून मोजून खोक्यांत भरली, एका खोक्यात पन्नास, झाकणांना भोकं पाडून. पोल्ट्रीवाल्या बाईचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिचं गाव लांब होतं, जाऊन येऊन गाडीचे साठाच्या वर टक्के लागायचे.

आभाळ सकाळीच मोकळं झालं होतं. छपरावरची पॅनेलं धुतल्यासारखी चमकत होती आणि गाडीला वायर लावलेली होती. नानांनी पडदा पाहिला. एकोणपन्नास.

"अजून दोन तास तरी," ते म्हणाले. "घाई आहे का?"

"पोरं उपाशी राहू शकतात एक-दोन दिवस. पोटात अंड्याचा बलक असतो त्यांच्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी खोकी सावलीत ओळीनं लावली आणि पायरीवर बसकण मारली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पाचशे लावते."

"पेट्या चारशेवीसच्या आहेत."

"मग तिसरी बघा कुठे मिळते का."

नानांनी मान हलवली आणि वायरची पिन नीट बसली आहे ना, ते बघायला गाडीपाशी गेले.